दप्तरात सुरा सापडलेल्या मुलाला केंद्रातून काढावे का?

प्रश्न : एका वस्तीत काही सहकाऱ्यांच्या मदतीने संध्याकाळचे युवा केंद्र चालवणाऱ्या भगिनींचे हे पत्र आहे. वस्तीतल्या तरुणांच्या दोन गटांत जुने वैर आहे आणि अंधार पडल्यावर होणाऱ्या मारामाऱ्यांत मध्यंतरी एका मुलाचा जीव गेला. ‘रिकामी पोरेच राडे करतात, त्यांना गुंतवून ठेवले की प्रश्न सुटेल,’ अशा विचाराने या मंडळींनी चौदा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी एका सभागृहात खेळ, अभ्यास आणि संगणक शिकवण्याची सोय केली. केंद्र पाच ते आठ उघडे असते. मारामाऱ्या साधारण नऊनंतर होतात. तीसेक मुले नियमित येतात. आता त्यांपैकी सतरा वर्षांच्या एका मुलाच्या दप्तरात सुरा सापडला आहे. ‘फक्त सेफ्टीसाठी ठेवलाय,’ असे तो म्हणतो. त्याला काढा, नाहीतर आमची मुले पाठवणार नाही, असे बाकीच्या पालकांनी बजावले आहे. मुख्य देणगीदाराने सुचवले आहे की सगळ्या मुलांना एकदा तुरुंगात नेऊन कैद्यांकडून चार शब्द ऐकवावेत, म्हणजे जरब बसेल. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला वस्तीतलाच एक पस्तिशीचा माणूस मुलांबरोबर काम करायला तयार आहे, पण त्यावरून समितीत दोन तट पडले आहेत. शिवाय केंद्रात कोण येते आणि कोण कोणाबरोबर फिरते याची यादी पोलिसांनी मागितली आहे. ‘एका मुलासाठी तीस मुले गमवायची, की तीस मुलांसाठी एकाला सोडून द्यायचे? आणि मुळात आमच्या या खटाटोपाचा काही उपयोग आहे का?’ असे त्या विचारतात.

उत्तर :

ताई,

‘एक की तीस’ हा हिशेब तुम्ही प्रामाणिकपणे मांडला आहे, पण केंद्राचे काम एकच असून ते एकाच सभागृहात, एकाच वेळी आणि एकाच प्रकारच्या माणसांकडून व्हायला हवे, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. मला वाटते, तुमच्याकडे नकळत दोन निराळी कामे एकत्र आली आहेत. तीस मुलांना निर्धास्तपणे बसता-खेळता येईल अशी जागा देणे हे एक काम आहे. ज्याच्या दप्तरात सुरा आहे त्याच्यापर्यंत तो सुरा बाहेर निघण्यापूर्वी पोहोचणे हे दुसरे. दोन्ही कामे करण्याजोगी आहेत, मात्र त्यांना लागणारी माणसे, वेळा आणि शिस्त वेगवेगळी आहे. त्यामुळे त्या मुलाला काही काळ सभागृहाबाहेर ठेवण्यात मला गैर काही दिसत नाही. त्याचा हात सोडणे मात्र गैर ठरेल. या दोन गोष्टी एकच आहेत असे पालकांना वाटते आहे, आणि पत्रावरून तुम्हालाही तसेच वाटू लागले आहे असे दिसते.

‘रिकामी पोरे राडे करतात’ हा समज आधी तपासून पाहू. रिकामी मुले पुष्कळ असतात आणि त्यांतली बहुतेक कोणावर हात उचलत नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात तरुणांचे खून वाढले, तेव्हा डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी पोलीस, परिविक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे) आणि वस्त्यांत फिरणारे कार्यकर्ते यांना एकत्र बसवून या खुनांचा माग काढला. टोळ्यांशी जोडलेले तरुण शहरातल्या एकूण तरुणांच्या एक टक्क्याहूनही कमी होते, आणि तरुणांच्या निदान ६० टक्के खुनांशी त्यांचा संबंध होता. तुमच्या वस्तीतले प्रमाण नेमके हेच असेल असे नाही. पण हिंसा थोड्या मुलांभोवती, थोड्या वैरांभोवती आणि थोड्या जागांभोवती साचलेली असते, हे चित्र त्यानंतर अनेक शहरांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. याचा अर्थ असा की तुमच्या तीस मुलांपैकी बऱ्याच जणांनी केंद्र नसते तरीही कधी सुरा हातात घेतला नसता. त्यांच्यासाठी केंद्र चालवणे वाया गेलेले नाही. अभ्यासाची सोय, विश्वासाची मोठी माणसे आणि संध्याकाळी जायला हक्काची जागा हे त्यांना मिळायलाच हवे. परंतु रस्त्यावरची हिंसा कमी करणे हा तुमचा हेतू असेल, तर ज्या एका मुलाला काढा असे सगळे म्हणत आहेत त्याच्यासाठीच तो हेतू आहे.

आता त्याच्या ‘सेफ्टी’बद्दल. हे वाक्य ऐकून मोठ्या माणसांना राग येतो, कारण ते बनवाबनवीचे वाटते. काही वेळा ते असतेही. तरी माझा सल्ला असा की निदान पहिल्या भेटीत ते खरे धरून चाला. हत्यार बाळगणाऱ्या किशोरवयीन मुलांशी बोलणारे जवळजवळ सगळेच सांगतात की बहुतेकांच्या मनात हल्ला करण्याच्या इराद्यापेक्षा भीती मोठी असते. हे फार धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको, कारण दोन घाबरलेली आणि हत्यार बाळगणारी मुले समोरासमोर आली की पहिला वार कोणी केला याला अर्थ उरत नाही. पण भीती खरी असेल तर ‘सुरा कशाला ठेवलास?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर त्याने आधीच दिले आहे. त्याऐवजी त्याला विचारा : केंद्रातून घरी कोणत्या रस्त्याने जातोस? कोणत्या वळणावर पाठीमागे बघावे लागते? तिथे कोण उभे असते? शेवटचे काय झाले होते? खुन्नस कशावरून सुरू झाली? मोबाइलवर कोणी काय टाकले होते? या प्रश्नांतून एखादा रस्ता, एखादी वेळ, दोन-तीन नावे आणि बहुधा मोठ्या माणसांना क्षुल्लक वाटेल असा एखादा अपमान समोर येईल. तो क्षुल्लक आहे असे मात्र त्याला सांगू नका. त्याच्या जगात सगळ्यांसमोर गेलेली पत परत मिळवली नाही, तर पुढे रोज मार खावा लागतो, आणि हे त्याने अनुभवातून शिकलेले असते.

अमेरिकेतल्या शिकागोमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा उपक्रम चालतो. त्यातला एक खेळ तुमच्या केंद्रात उद्यासुद्धा घेता येईल. मुलांच्या जोड्या लावतात, एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात की तीस सेकंदांत तो चेंडू काढून घे. लगेच ओढाताण सुरू होते. मनगटे पिरगाळली जातात, कोणी जमिनीवर लोळतो. वेळ संपल्यावर मार्गदर्शक विचारतो, ‘चेंडू दे, असे कोणी म्हणून पाहिले का?’ सहसा कोणी म्हटलेले नसते. मग ज्यांच्या हातात चेंडू होता त्यांना विचारतात, मागितला असता तर काय केले असते? ‘दिला असता, नुसता चेंडू तर आहे,’ असे उत्तर येते. या खेळाचा रोख ‘भांडू नका’ या उपदेशावर नाही. समोरच्याच्या मनात काय आहे हे आपण न विचारताच ठरवून टाकले होते, एवढेच त्यातून मुलाच्या ध्यानात यावे अशी अपेक्षा असते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची न निवडलेल्यांशी तुलना केली, तेव्हा उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. उपक्रम संपल्यानंतर मात्र अटकांवरचा हा परिणाम टिकलेला दिसला नाही. ही दुसरी गोष्ट उत्साही मंडळी सांगायची विसरतात. तुम्ही ती लक्षात ठेवा, कारण ‘सहा महिन्यांचा कोर्स’ करून मुलगा कायमचा सुधारेल, असे आश्वासन तुमच्याकडूनही मागितले जाईल.

तर त्या मुलाचे प्रत्यक्षात काय करावे? केंद्रात हत्यार येणार नाही हा नियम अपवाद न करता सर्वांसाठी ठेवा, आणि दारात दप्तर तपासायचे झाले तर देणगीदाराच्या मुलाचेही तपासा. नियम मोडल्याचा परिणाम म्हणून काही आठवडे सभागृहात प्रवेश नाही, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना समोर बसवून, आवाज न चढवता सांगा. त्याच बैठकीत पुढच्या भेटीचा वारही ठरवा. या आठवड्यांत तुमच्यातली एक ठरावीक व्यक्ती त्याला आठवड्यातून दोनदा सभागृहाबाहेर भेटेल, दरवेळी तीच भेटेल, आणि तो आला नाही तर ती त्याच्या घरी जाईल. इथेच बहुतेक उपक्रमांचे पाणी जोखले जाते. मुलगा पहिल्या दोन-तीन भेटी चुकवतो, कार्यकर्ते म्हणतात ‘त्यालाच नको आहे’, आणि प्रकरण संपते. या वयाची आणि या अवस्थेतली मुले भेटी चुकवतातच. अनेकदा माणूस खरोखर परत येतो का हे त्यांना पाहायचे असते. परतण्याच्या अटी थोड्या आणि स्पष्ट ठेवा, आणि त्याने त्या पाळल्या तर त्याला परत घ्या.

सापडलेल्या सुऱ्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. तो केंद्राच्या कपाटात जपून ठेवू नका आणि परस्पर फेकूनही देऊ नका. मुलगा अल्पवयीन आहे, कायदा गुंतागुंतीचा आहे आणि चांगल्या हेतूने केलेली लपवाछपवी तुमच्याच अंगाशी येऊ शकते. बालहक्कांचे काम जाणणाऱ्या वकिलाचा एकदा सल्ला घ्या आणि पुढे असे घडले तर काय करायचे ते लिहून ठेवा. तो मुलगा एखाद्याचे नाव घेऊन ‘त्याला सोडणार नाही’ असे म्हणत असेल, तर मात्र गोपनीयतेचा प्रश्न तिथेच संपतो. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यापर्यंत आणि गरजेप्रमाणे यंत्रणेपर्यंत ते पोहोचवावेच लागेल, आणि तुम्ही तसे कराल हे मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असले पाहिजे.

पालकांकडे वळण्यापूर्वी एक जुना प्रयोग सांगणे भाग आहे, कारण तो पालकांच्या बाजूने बोलतो. अमेरिकेतल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारी शहरांत १९३९ साली रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या पुढाकाराने ५०६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही मिळाले. उरलेल्यांना काहीच नाही. सुमारे तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने ती मुले, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ‘आमचे भले झाले’ असे सांगितले. नोंदी मात्र उलट बोलत होत्या : अकाली मृत्यू, दारूचे व्यसन, मानसिक आजार आणि पुन्हा गुन्हा करणे यांसारख्या बाबतींत मदत मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा वाईट स्थितीत होता. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की ज्या मुलांना एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवले होते त्यांचे नुकसान अधिक झाले. त्याचे एक संभाव्य कारण असे मांडले गेले की वाकड्या वाटेवर असलेली मुले एकत्र आली, त्यांच्यावर मोठ्यांचे लक्ष थोडे राहिले आणि एकमेकांच्या बढाया ऐकून, त्यांना दाद देत, ती आणखी धीट झाली.

म्हणून ‘या मुलाच्या संगतीने आमची बिघडतील’ ही पालकांची भीती खुळी आहे असे समजू नका. ती अर्धी बरोबर आहे. फक्त त्यावरचा उपाय मुलाला हाकलणे हा नाही. मोकळा, बिनकामाचा, देखरेखीवाचूनचा वेळ कमी करणे हा खरा उपाय आहे. तुमच्या केंद्रात खेळ सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर मुले जिथे घोळक्याने उभी असतात, ती जागा एकदा जाऊन पाहा. शहाणपणाचे वर्ग आत चालतात आणि खरे शिक्षण बऱ्याचदा त्या पायऱ्यांवर होते. तिथे एक मोठे माणूस हवे. दोन्ही गटांतली तापट मुले एकाच वेळी, एकाच खोलीत, ‘मैत्री होईल’ या आशेवर कोंबू नका. आधी प्रत्येकाशी स्वतंत्र काम होऊ द्या. आणि कोणत्याही गटाचे नाव, खूण किंवा रंग तुमच्या केंद्रातल्या संघांना चिकटू देऊ नका, नाहीतर तुम्हीच त्यांची टोळी घट्ट करून द्याल.

तुरुंगाच्या सहलीबद्दल मी थोडक्यात आणि ठामपणे ‘नको’ म्हणतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रावे इथल्या तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांनी मुलांना बोलावून, आरडाओरडा करून, तुरुंगातल्या आयुष्याचे भयानक वर्णन ऐकवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि तो देशभर उचलला गेला. तो दिसायला परिणामकारक होता. मुले रडत बाहेर येत, आणि अशा दृश्यांवर देणगीदार भाळतात. परंतु १९६७ ते १९९२ या काळात अशा कार्यक्रमांचे जे नऊ नियंत्रित प्रयोग झाले, त्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसले की तुरुंग पाहून आलेली मुले न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात गुन्ह्यांकडे वळली. काहीच न करणे परवडले असते, असा त्याचा अर्थ. कारण उघड आहे. आधीच भेदरलेल्या मुलाला आणखी भीती घातली, तर तो ‘मी भीत नाही’ हे दाखवायलाच घराबाहेर पडेल.

यावर देणगीदार म्हणतील, मग परिणामांची जाणीव द्यायचीच नाही का? द्यायची, पण सोबत मार्गही द्यायचा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सुऱ्यांनी होणारी हिंसा युरोपभर कुप्रसिद्ध होती. तिथे कॅरिन मॅक्क्लस्की आणि जॉन कार्नोहन यांच्या पुढाकाराने २००५ साली पोलिसांनीच ‘व्हायलन्स रिडक्शन युनिट’ (हिंसा कमी करण्यासाठीचे पथक) सुरू केले आणि हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला सुरुवात केली. २००८ पासून त्यांनी टोळ्यांतल्या तरुणांना न्यायालयाच्या दालनात बोलावले. हिंसा चालू राहिली तर संपूर्ण टोळीवर कारवाई होईल हे पोलिसांनी सांगितले, जखमा शिवणाऱ्या डॉक्टरांनी त्या जखमांबद्दल सांगितले, मूल गमावलेल्या आईने आपले दुःख सांगितले; आणि शेवटी, बाहेर पडायचे असेल तर या क्रमांकावर फोन करा, शिक्षण, काम, समुपदेशन याची व्यवस्था होईल, असेही सांगितले. यात सहभागी झालेल्या तरुणांमध्ये हत्यार बाळगण्याचे प्रमाण तुलनेतल्या तरुणांपेक्षा अधिक घटले. सगळा भार त्या शेवटच्या फोन क्रमांकावर होता, आणि फोन केल्यावर तो उचलला जाण्यावर. देणगीदारांना विनंती करा की सहलीच्या खर्चात एका कार्यकर्त्याचे काही महिन्यांचे मानधन भागवा. त्याचा फोटो काढता येत नाही, हे खरे.

शिक्षा भोगून आलेल्या गृहस्थांबद्दल समितीतल्या दोन्ही बाजूंकडे मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेत साथरोगांवर काम केलेले डॉ. गॅरी स्लटकिन यांनी २००० साली शिकागोत हिंसा रोखण्याचा जो उपक्रम सुरू केला आणि जो पुढे ‘क्युअर व्हायलन्स’ या नावाने ओळखला गेला, त्याचा आधारच अशी माणसे आहेत. कोणाचा कोणाशी बदला बाकी आहे हे त्यांना कळते, आणि त्या रात्री त्या मुलाजवळ जाऊन बसण्याची मुभाही फक्त त्यांनाच असते. तुमच्या-माझ्यासारख्यांचे बोलणे मुले अदबीने ऐकतील आणि सोडून देतील. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया इथेही गुन्हेगारीत असलेल्या ९९९ तरुणांबरोबर झालेल्या प्रयोगात मार्गदर्शक बहुतांशी त्याच जगातून बाहेर पडलेले होते. आठ आठवडे गटात बसून राग, सवयी, उद्याचा विचार यांवर काम चाले, आणि गृहपाठ म्हणून तरुणांना स्वच्छ कपडे घालून बँकेत किंवा मोठ्या दुकानात जाऊन यायला सांगत : आत शिरायचे, चौकशी करायची, कोणी हाकलत नाही हे अनुभवायचे. त्यांपैकी ज्यांना या प्रशिक्षणाबरोबर २०० डॉलरची एकरकमी मदतही मिळाली, त्यांचे गुन्हे आणि हिंसा कमी झाली, आणि हा बदल वर्षभरानंतर आणि पुढे दहा वर्षांनंतरही टिकलेला आढळला. केवळ पैसे मिळालेल्यांत तो टिकला नाही.

परंतु अशा उपक्रमांचे निष्कर्ष शहरागणिक वेगळे आले आहेत, आणि जिथे माणसे निवडताना व सांभाळताना ढिलाई झाली तिथे ते फसलेही आहेत. म्हणून या गृहस्थांना घ्या, पण भावनेच्या भरात घेऊ नका. त्यांचा गुन्हा मुलांविरुद्ध किंवा स्त्रियांविरुद्ध होता का, हे आधी पाहा. असेल तर विषय संपला. नसेल, तर ते जुन्या गटापासून खरोखर वेगळे झाले आहेत का, आणि दुसऱ्या गटाची मुले त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे दोन्हीकडच्या जाणत्यांना विचारा. एका बाजूचा ‘भाई’ म्हणून ओळखला जाणारा माणूस तटस्थ राहू शकत नाही, त्याची इच्छा कितीही चांगली असली तरी. सुरुवातीला त्यांना एकट्याने मुलांबरोबर सोडू नका, पैशांची देवघेव करू देऊ नका, आणि ‘सेटलमेंट’ करण्याचा अधिकार देऊ नका. वाद मिटवणे आणि वादाचा मोबदला घेऊन वजन वाढवणे यांतली रेषा या कामात फार चटकन पुसली जाते. आपल्या पूर्वीच्या पराक्रमांच्या कथा मुलांसमोर रंगवून सांगायच्या नाहीत, ही अटही घाला. आणि त्यांना मानधन द्या. फुकट राबवलेला माणूस कुटुंब चालवण्यासाठी शेवटी कुठे जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याही मनावर ताण येईल, रात्री-अपरात्री ते एखाद्या जखमी मुलाबरोबर रुग्णालयात बसलेले असतील; तेव्हा दर आठवड्याला त्यांचे ऐकून घेणारे कोणीतरी असू द्या.

पोलिसांना यादी देऊ नका. ज्या दिवशी मुलांना कळेल की केंद्रातली माहिती ठाण्यात जाते, त्या दिवसापासून फक्त ज्यांना काहीच लपवायचे नाही अशी मुले उरतील, आणि मग तुमचे दुसरे काम बंद पडेल. नकार मात्र फटकून देऊ नका. वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटून सांगा की तातडीचा धोका असेल तर आम्ही कळवू, कायद्याने जे सांगणे बंधनकारक आहे तेही सांगू, परंतु कोण कोणाबरोबर फिरते हे पुरवणारे आम्ही नाही. ठरेल ते लेखी स्वरूपात घ्या, कारण अधिकारी बदलतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, उपयोगाचा. तो हजेरीपटावरून ठरवू नका. तुमचे केंद्र आठला बंद होते आणि मारामाऱ्या नऊनंतर होतात, हे तुमच्याच पत्रात आहे. सर्व दिवस जमणार नसेल तर ज्या दोन रात्री सर्वाधिक भांडणे होतात त्या रात्री केंद्र उशिरापर्यंत उघडे ठेवा, आणि त्यासाठी हवे तर संध्याकाळचा एखादा वर्ग कमी करा. सुट्ट्यांत केंद्र बंद ठेवण्याची पद्धत असेल तर तीही उलटी करा. मोठ्या मुलांना खेळापेक्षा कामाची ओढ अधिक असते, हेही ध्यानात घ्या. शिकागोत हिंसाग्रस्त भागांतल्या १३ शाळांमधल्या १,६३४ मुलांवर सारा हेलर यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांचे, आठवड्याला २५ तासांचे, किमान वेतनाचे उन्हाळी काम आणि सोबत एक मार्गदर्शक, हे त्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना देऊ केले होते. न निवडलेल्यांच्या तुलनेत पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांत दिसली. म्हणजे मुले कामात अडकली होती म्हणून भांडली नाहीत, एवढेच ते नव्हते. तेव्हा संगणक वर्गाच्या जोडीला ओळखीच्या व्यावसायिकांकडे पगारी उमेदवारीच्या चार-पाच जागा मिळतात का पाहा, आणि त्या गुणवान मुलांना बक्षीस म्हणून न देता, ज्यांना त्यांची निकड आहे त्यांना द्या. उमेदवार मुलगा पहिल्या महिन्यात उशिरा येईल, उलट बोलेल, एखादा दिवस दांडी मारेल. मालकाला हे आधी सांगून ठेवले आणि त्याचा फोन घ्यायला तुमच्यातले कोणी असले, तर ती जागा टिकते.

हे सारे तुम्ही सहा-सात जण एकाच वेळी करू शकणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. माझ्या मते क्रम असा असावा : आधी तो मुलगा आणि त्याला भेटणारे एक ठरलेले माणूस, मग उशिराच्या दोन रात्री, मग ते गृहस्थ, आणि उमेदवारीच्या जागा त्यानंतर. चालू भांडणात तुम्ही स्वतः मध्ये पडायचे नाही, रात्री वस्तीत एकटीने फिरायचे नाही, हे तुमच्या घरच्यांच्या वतीने मीच सांगतो.

राहिली पालकांची सभा. ती लवकर घ्या, पण ‘त्याला ठेवायचे की नाही’ असे मतदान तिथे होऊ देऊ नका. एखाद्या मुलाचे भवितव्य हात वर करून ठरवायचे नसते, शिवाय सभेतले प्रत्येक वाक्य त्याच रात्री त्याच्या कानावर जाईल. त्याचे नाव न घेता काय बदलले आहे ते सांगा : दारात सर्वांची दप्तरे तपासली जातील, पायऱ्यांवर एक मोठे माणूस उभे असेल, नियम मोडणाऱ्याला काही काळ सभागृह बंद राहील, आणि त्या काळात त्याच्याबरोबर स्वतंत्रपणे काम चालू राहील. हे शेवटचे वाक्य गाळू नका, कारण उद्या त्यांच्यापैकी कोणाच्याही मुलावर ती वेळ येऊ शकते, आणि हे त्यांच्यातल्या काही जणांना मनातून माहीत असते. एवढे ऐकूनही जे पालक मुले काढून घेतील त्यांच्याशी वाद घालू नका. त्या मुलांच्या जागा महिनाभर राखून ठेवा, आणि महिन्याने त्यांच्या घरी जाऊन विचारा.